नाविक, ग्लोनास, जीपीएस : यंत्रणा उभारणं आणि ती टिकवणं

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

जुलै २०२५ मध्ये संसदेत एका प्रश्नाला उत्तर देताना सरकारने नाविकचे, म्हणजे आपल्या स्वतःच्या उपग्रह-दिशादर्शन यंत्रणेचे, आकडे दिले. आजवर सोडलेले उपग्रह अकरा. त्यातले चार त्या वेळी स्थान आणि वेळ सांगण्याचं काम करत होते, चार एकतर्फी संदेश प्रसारित करण्यापुरतेच वापरात होते, एक निवृत्त केला आणि दोन ठरलेल्या कक्षेत पोचलेच नाहीत. हे वाचल्यापासून त्या पहिल्या चारवर माझं मन अडून बसलंय. ठिकाण काढायला रिसीव्हरला कमीत कमी चार उपग्रह लागतात. तीन अज्ञात राशी आपल्या जागेच्या आणि चौथी रिसीव्हरमधल्या स्वस्त घड्याळाच्या चुकीची. चारातला एक गेला, की नुसत्या नाविकवर उंचीसकट जागा निघत नाही. मूळ रचना सातांची होती ती हाताशी राखीव असावेत म्हणूनच.

आपल्याकडे हा विषय बहुधा यादी म्हणून येतो. अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बैदू, जपानचं क्यूझेडएसएस, आपलं नाविक. ती वाचून वाटतं की उपग्रह वर गेले आणि काम संपलं. खरं काम तिथून पुढे सुरू होतं, आणि ते कोणी कसं केलं यात मला जास्त रस आहे.

ग्लोनासचंच बघा. पहिला उपग्रह ऑक्टोबर १९८२ मध्ये गेला. मध्ये देश फुटला, तरी १९९५ च्या अखेरीस चोवीसांची रचना पूर्ण झाली. पण त्या उपग्रहांचं ठरलेलं आयुष्य होतं तीन वर्षं! दर वर्षी नवे सोडत राहिलं तरच आकडा टिकणार, आणि रशियाच्या तिजोरीत तेव्हा खडखडाट. २००१ पर्यंत चालू उपग्रह सहा-सातवर आले. मग दहा वर्षांचा सरकारी कार्यक्रम आखून २०११ मध्ये परत चोवीस पुरे केले. तोही प्रवास सरळ नव्हता. डिसेंबर २०१० मध्ये वरच्या टप्प्यात द्रव ऑक्सिजन प्रमाणाबाहेर भरला गेला आणि तीन उपग्रह पॅसिफिकमध्ये पडले. जुलै २०१३ मध्ये रॉकेटमधले कोनीय वेग मोजणारे सेन्सर उलटे बसवले गेले होते, आणखी तीन उपग्रह उड्डाणानंतर काही सेकंदांत गेले.

आता आपलं. २००६ मध्ये मंजुरी, १ जुलै २०१३ च्या रात्री श्रीहरिकोट्याहून पहिला उपग्रह आयआरएनएसएस-१ए (आयआरएनएसएस हे यंत्रणेचं आधीचं नाव), आणि २८ एप्रिल २०१६ ला सातवा. त्याच दिवशी पंतप्रधानांनी यंत्रणेचं 'नाविक' हे नाव जाहीर केलं. तीन वर्षांत सात उपग्रह आणि सातही पीएसएलव्ही रॉकेटवरून, ही साधी गोष्ट नाही. पण वर्षभराच्या आत बातमी आली की १ए वरची तिन्ही रुबिडियम (अणु) घड्याळं बंद पडली. जानेवारी २०१७ मध्ये युरोपनेही सांगितलं की गॅलिलिओच्या उपग्रहांवरची अनेक घड्याळं निकामी झालीत. दोघांची रुबिडियम घड्याळं एकाच स्विस कंपनीची होती.

घड्याळ म्हणजे या यंत्रणेचं काळीज. उपग्रह फक्त 'माझ्याकडे आत्ता इतके वाजलेत आणि मी इथे आहे' एवढंच सांगत राहतो. संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून रिसीव्हर अंतर काढतो. एक मायक्रोसेकंद चुकला तर तीनशे मीटरचा फरक, एका नॅनोसेकंदाला तीस सेंटिमीटर. घड्याळ मेलं की बाकीचा उपग्रह ठणठणीत असूनही दिशादर्शनाच्या उपयोगाचा राहत नाही. आपले 'चार एकतर्फी संदेशवाले' असे उरलेत.

१ए च्या जागी पाठवलेला १एच ३१ ऑगस्ट २०१७ ला उष्णतारोधक कवच न उघडल्याने आतच अडकला. १आय एप्रिल २०१८ मध्ये नीट पोचला. त्यानंतर पाच वर्षं काहीच नाही. या पाच वर्षांचं मला फार वाईट वाटतं. मे २०२३ मध्ये नव्या पिढीचा एनव्हीएस-०१ गेला, आणि त्यात पहिल्यांदा अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये बनलेलं आपलं स्वतःचं रुबिडियम घड्याळ होतं. जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२, श्रीहरिकोट्याचं शंभरावं उड्डाण. रॉकेटने काम चोख केलं, पण कक्षा उंचावणारी इंजिनं पेटवायला ऑक्सिडायझरचे व्हॉल्व्ह उघडलेच नाहीत आणि उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत अडकून पडला.

जाणकारांनी भर घालावी. आपापल्या कामात या यंत्रणांशी संबंध येणाऱ्यांनी तर नक्कीच लिहावं.

निशिगंधा_पु

वाचनखूण साठवली. एक प्राथमिक शंका. माझ्या फोनमध्ये जीपीएस फुकट चालतं, चांगलं चालतं. मग स्वतःची यंत्रणा हवीच कशाला? कारगिलच्या वेळी अमेरिकेने जीपीएस नाकारलं म्हणून, असं ऐकलंय.

ध्रुवमत्स्य

कारगिलची ती गोष्ट बहुतेक लेखांत येते. त्या काळातली पक्की गोष्ट अशी, की १९९९ मध्ये 'सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी' साऱ्या जगासाठी चालू होती. अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांचं सैन्य सोडून बाकी सगळ्यांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयाने ती बंद झाली आणि रातोरात जगभरच्या रिसीव्हरांची अचूकता सुधारली. एका देशाच्या एका निर्णयाने ती सुधारली, हेच स्वतःची यंत्रणा का हवी याचं उत्तर आहे.

जीपीएस सामान्यांना खुलं करण्याची घोषणाही अशीच झाली. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. त्यानंतर रेगन सरकारने सांगितलं की यंत्रणा तयार झाल्यावर नागरी वापरासाठी मोफत असेल.

दर्यावर्दी

मी मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कोणी जीपीएस बंद करण्याची वाट बघावी लागत नाही. ते आजच रोज बिघडवलं जातंय.

पर्शियन आखातात आणि पूर्व भूमध्य समुद्रात वॉचवर असताना हे डोळ्यांसमोर होतं. जॅमिंग (सिग्नल दाबून टाकणं) असेल तर निदान अलार्म वाजतो, 'पोझिशन लॉस्ट' दिसतं. स्पूफिंग, म्हणजे खोटे सिग्नल पाठवणं, त्याहून वाईट. चार्टवर आपलं जहाज शांतपणे सरकत सरकत जमिनीवर जातं आणि यंत्र कसलीच तक्रार करत नाही. आजूबाजूच्या जहाजांचे एआयएसवरचे (जहाजं आपली ओळख आणि जागा कळवतात ती यंत्रणा) त्रिकोण एखाद्या विमानतळावर गोल करून बसलेले दिसतात. अशा वेळी आम्ही सरळ रडारवर येतो. किनाऱ्यावरच्या ठळक खुणांचं अंतर आणि बेअरिंग घ्यायचं, चार्टवर टाकायचं, खोली मोजणाऱ्या इको साउंडरशी ताडून बघायचं. २०१७ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसियस्कजवळ वीसेक जहाजांना एकदम आपण विमानतळावर असल्याचं दिसलं होतं, तेव्हापासून या प्रकाराची उघड चर्चा होऊ लागली.

हे इतकं सोपं का? उपग्रहाचा सिग्नल घरातल्या बल्बएवढ्या वॅटचा, आणि येतो वीस हजार किलोमीटरवरून. नाविकचे उपग्रह तर छत्तीस हजार किलोमीटरवर. जमिनीवरचा छोटा ट्रान्समीटर त्याला सहज झाकून टाकतो.

मला गॅलिलिओचं एक काम फार आवडलंय. ते आता आपल्या खुल्या सिग्नलवर डिजिटल सही करून पाठवतात. जुलै २०२५ पासून ही सेवा अधिकृतपणे चालू झाली. संदेश खरंच गॅलिलिओकडून आलाय का, हे रिसीव्हर तपासू शकतो. जॅमिंग त्याने थांबत नाही, पण खोटा संदेश पकडता येतो.

चौथी_मिती

+१. आणि हे समुद्रापुरतं नाही. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने लोकसभेत सांगितलंय की नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या आसपास, जीपीएसमध्ये हस्तक्षेपाच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. युरोपात फिनएअरने २०२४ मध्ये एस्टोनियातल्या टार्टूची उड्डाणं महिनाभर थांबवली होती, कारण तिथल्या धावपट्टीवर उतरण्याची पद्धत जीपीएसवरच अवलंबून होती.

मोजणीदार

मी भूमी अभिलेखात भूकरमापक आहे. आमच्याकडे शंकू-साखळीने मोजणी करणारी माणसं मी नोकरीला लागलो तेव्हा निवृत्तीला आली होती. मग प्लेन टेबल, मग ईटीएस (कोन-अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक) मशीन, आता रोव्हर.

रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेला रिसीव्हर. तो एकाच वेळी जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू सगळे पकडतो. शिवाय सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स (कायम चालू असलेल्या संदर्भ) स्टेशनांकडून मोबाइल डेटावर दुरुस्त्या घेतो. त्या स्टेशनांच्या जागा आधीच काटेकोर मोजलेल्या आहेत, त्यामुळे 'आत्ता उपग्रह किती चुकीचं सांगताहेत' हे त्यांना कळतं आणि तेवढी चूक आमच्या मोजणीतून वजा होते. मोकळ्या माळावर काठी उभी केली, बुडबुडा मध्यावर आणला की काही सेकंदांत पडद्यावर 'फ्लोट'चं 'फिक्स' होतं. मग दोन-तीन सेंटिमीटरची अचूकता मिळते. बांधावरून दोन भाऊ समोरासमोर उभे असतात तेव्हा या दोन सेंटिमीटरची किंमत कळते.

पण आंब्याच्या झाडाखाली, उभ्या उसात, गावठाणात दोन भिंतींच्या बोळात 'फिक्स' येत नाही. अशा ठिकाणी एका देशाच्या यंत्रणेवर विसंबलो असतो तर काम थांबलंच असतं. चार यंत्रणांचे मिळून तीस-पस्तीस उपग्रह दिसतात म्हणून झाडीच्या फटीतूनही पुरेसे हाती लागतात. माझ्या लेखी या सगळ्या देशांच्या चढाओढीचा सर्वांत मोठा फायदा शेतकऱ्याला झालाय.

सह्यभटक्या

मोजणीदार, सुंदर प्रतिसाद. दोन प्रश्न आहेत, दोन्ही गडावरचे. एक, नेटवर्क नसताना फोनमधलं जीपीएस चालतं का? यावरून आमच्या ग्रुपमध्ये दर वेळी वाद होतो. दोन, कळसूबाईच्या माथ्यावर एका ॲपमध्ये उंची १६४६ ऐवजी १५८० च्या आसपास दिसते. साठ-पासष्ट मीटर जातात कुठे?

मोजणीदार

पहिल्याचं उत्तर, चालतं. फोन फक्त ऐकतो, उपग्रहाला काही पाठवत नाही. नेटवर्क असेल तर उपग्रहांच्या कक्षेची माहिती नेटवरून झटकन मिळते. नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, आणि जीपीएसचा तो जुना संदेश सेकंदाला पन्नास बिट या वेगाने येतो. एका उपग्रहाची नेमकी कक्षा मिळायला अर्धं मिनिट, साऱ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक मिळायला साडेबारा मिनिटं. म्हणून पायथ्याच्या गावातच एकदा फोनला मोकळ्या आकाशाखाली जागा पकडू द्या, नकाशा उतरवून ठेवा आणि मग वाटेला लागा. कड्याच्या पोटात मात्र सिग्नल खडकावर आपटून येतो आणि जागा उड्या मारते. तिथे पडद्यापेक्षा वाट पाहिलेल्या माणसाचं ऐकायचं.

उंचीचं असं आहे, की उपग्रहांवरून निघणारी उंची एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या लंबगोलाशी जुळत नाही, कारण पृथ्वीचं गुरुत्व सगळीकडे सारखं नाही. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो पृष्ठभाग जगात सर्वांत खाली आहे, शंभर मीटरहून जास्त. आपल्या भागात हा फरक साधारण साठ-पासष्ट मीटर. त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहून कच्ची उंची बघितली तर ती उणे साठेक मीटर दिसते. चांगली ॲप ही दुरुस्ती स्वतः करतात, तुमचं करत नाही.

सह्यभटक्या

किती वर्षांचं कोडं सुटलं! ग्रुपवर पाठवतो.

टोकियोकर

जपानचा उल्लेख यादीपुरताच आलाय, म्हणून लिहिते. जपानने आधी ठरवलं की आपल्याला नेमकी अडचण काय आहे. टोकियोत शिंजुकूसारख्या भागात दोन्ही बाजूंना गगनचुंबी इमारती, आकाशाची अरुंद पट्टी दिसते आणि जीपीएसचे उपग्रह तिच्या आड जातात. म्हणून त्यांनी उपग्रहांची कक्षा अशी आखली की जमिनीवरून बघितलं तर इंग्रजी आठाच्या आकाराची वाट दिसते. वरचा फेरा जपानवर, तिथे उपग्रह सावकाश चालतो, त्यामुळे दिवसातले बरेच तास डोक्यावर राहतो. पहिला 'मिचिबिकी' सप्टेंबर २०१० मध्ये गेला आणि चार उपग्रहांवर नोव्हेंबर २०१८ मध्ये सेवा सुरू झाली. सिग्नल मुद्दाम जीपीएसशी जुळणारे ठेवले, म्हणजे तो डोक्यावरचा जास्तीचा जीपीएस उपग्रहच झाला. पुढे सातांची योजना आहे, मग स्वतंत्रपणेही चालेल.

नाविकच्या चार उपग्रहांची वाटही अशीच आठाच्या आकाराची आहे ना?

ध्रुवमत्स्य

बरोबर. मूळ सातांपैकी तीन विषुववृत्तावर स्थिर आणि चार २९ अंश कललेल्या कक्षेत, ५५ आणि १११.७५ पूर्व रेखांशांवर विषुववृत्त ओलांडणारे. सातही उपग्रह भारतातून चोवीस तास दिसतात. भारत आणि सीमेपासून दीड हजार किलोमीटरचा पट्टा एवढंच क्षेत्र ठेवल्यामुळे सातांत भागलं. जगभर पुरवायचं तर चोवीसच्या आसपास लागतात.

उत्तरायण

इथेच माझा मतभेद आहे. प्रादेशिक यंत्रणेत अडकून आपण मागे पडलो. चीनने २००० मध्ये पहिले दोन उपग्रह सोडले, २०१२ अखेर आशियापुरती सेवा, आणि जून २०२० मध्ये शेवटचा उपग्रह सोडून जुलैअखेर जागतिक सेवा जाहीर केली. वीस वर्षांत तीन टप्पे. आज माझ्या फोनवर बैदूचे उपग्रह जीपीएसइतकेच दिसतात. शिवाय बैदूत छोटा मजकूर पाठवायची सोय आहे, ती समुद्रात आणि डोंगरात कामी येते. आपल्याला जागतिक यंत्रणेचं ध्येय ठेवायला काय हरकत आहे? ध्येय मोठं असेल तर घड्याळांचे कारखानेही मोठे होतील.

ध्रुवमत्स्य

ध्येयाला हरकत नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. चीनने दुसरा टप्पा चालू ठेवून तिसरा उभारला. आपला पहिलाच टप्पा आज काठावर आहे. दर सहा महिन्यांनी एक एनव्हीएस वर जातोय, सातही जागा भरलेल्या आहेत आणि दोन राखीव आहेत, हे आधी दिसू दे. नागरिक म्हणून मला या एका गोष्टीचा पाठपुरावा व्हायला हवा असं वाटतं.

उत्तरायण

क्रम पटला नाही. मागणी लहान ठेवली की पुरवठाही लहानच राहतो. २०१८ ते २०२३ ची पाच वर्षं त्यामुळेच गेली असं माझं मत आहे. असो.

सातपाटीची_लेक

आमच्या घरी मासेमारीचा धंदा. तांडेल लोक जीपीएसला किती जपतात हे सांगते. कुठे खडक आहे, कुठे बुडालेल्या बोटीचा सांगाडा आहे, कुठे जाळं फाटलं होतं, असे सगळे पॉइंट त्या छोट्या डब्यात साठवलेले असतात. माझ्या काकांनी मशीन बदललं तेव्हा जुन्यातला एकेक पॉइंट वहीत उतरवून मग नव्यात घातला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ती वही बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवलेली असते.

पण आम्हा बायकांना घरात वेगळीच काळजी. बोट कुठे आहे ते बोटीवरच्यांना कळतं, घरच्यांना नाही. किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाइलची रेंज संपते. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूचे किती लोक गेले, कारण वादळ येतंय हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. त्यानंतर उपग्रहावरून इशारा देणारी यंत्रं आली. ३० ऑगस्ट २०२४ ला आमच्या पालघरातच वाढवण बंदराच्या कार्यक्रमात एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. त्यातून दोन्ही बाजूंनी संदेश जातो, संकटात बटण दाबता येतं. वाढवणबद्दल आमच्या लोकांचा राग आहे आणि तो खरा आहे. पण हा डबा प्रत्येक बोटीवर यायला हवा, यात दुमत नाही.

निशिगंधा_पु

हा प्रतिसाद दोनदा वाचला. धागाकर्त्यांनी म्हटलेले 'चार संदेशवाले' उपग्रह असल्या कामाला उपयोगी पडतात का?

ध्रुवमत्स्य

हो, इशारे प्रसारित करायला अचूक घड्याळाची गरज नसते. ओखीनंतर मच्छीमारांसाठी नाविकवरून संदेश पाठवणारे रिसीव्हर बनवले गेले. दोन्ही बाजूंच्या संदेशासाठी मात्र वेगळा दळणवळण उपग्रह लागतो.

चौथी_मिती

घड्याळांचा विषय निघालाच आहे तर राहिलेली बाजू लिहितो. मी वीज पारेषणात काम करतो. आमच्यासाठी या यंत्रणा जागा दाखवणाऱ्या नाहीतच, वेळ सांगणाऱ्या आहेत. देशभरातल्या उपकेंद्रांत व्होल्टेजची लहर एकाच क्षणी मोजायची, तर तो 'एकाच क्षणी' सगळ्यांकडे सारखा हवा, मायक्रोसेकंदापर्यंत. तो क्षण छतावरच्या छोट्या अँटेनातून, उपग्रहाच्या घड्याळाकडून येतो. मोबाइल टॉवरांचंही तसंच. ४जी-५जीच्या ज्या प्रकारात एकाच वारंवारतेवर पाठवणं आणि ऐकणं आळीपाळीने चालतं, तिथे शेजारच्या टॉवरांची वेळ दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळावी लागते.

२६ जानेवारी २०१६ ला जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांकडून तेरा मायक्रोसेकंदांची चूक प्रसारित झाली. कोणाच्याही गाडीने रस्ता चुकवला नाही, पण जगभर दूरसंचार यंत्रणांत अलार्म वाजत राहिले आणि ब्रिटनमध्ये डिजिटल रेडिओ बिघडला. म्हणून मला नाविकची स्वतःची घड्याळं, आणि ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या प्रमाणवेळेशी जुळलेली असणं, हे नकाशाहून महत्त्वाचं वाटतं.

आणि आइन्स्टाइन रोज लागतो तो इथेच! वर गुरुत्व कमी म्हणून जीपीएसचं घड्याळ दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं, वेगामुळे ७ मागे पडतं. उरलेल्या ३८ ची सोय जमिनीवर असतानाच घड्याळ किंचित मंद लावून केलेली असते.

निशिगंधा_पु

शेवटचा प्रश्न. माझ्या फोनला नाविक दिसतं की नाही हे कसं बघू?

मोजणीदार

जीपीएसटेस्ट नावाचं ॲप उतरवा. प्रत्येक उपग्रहासमोर त्या त्या देशाचा झेंडा दिसतो. गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात जा, खिडकीत बसून निकाल लावू नका. नाविकचे जुने उपग्रह एल-५ आणि एस बँडवर (वारंवारतेच्या पट्ट्यांवर) बोलतात, त्यामुळे फोनमध्ये एल-५ ऐकणारी चिप हवी. स्वस्त फोनमध्ये ती नसते, म्हणून नव्या एनव्हीएस उपग्रहांवर जीपीएसचा एल-१ बँडही दिलाय.

पुण्याहून एनव्हीएस-०१ शोधायचा तर पूर्वेकडे तोंड करा, किंचित आग्नेयेला. तो १२९.५ पूर्व रेखांशावर स्थिर आहे, म्हणजे क्षितिजापासून जेमतेम पंचवीस अंशांवर. पूर्वेला उंच इमारत असेल तर तो दिसणार नाही, आणि त्यात फोनचा दोष नाही. ५५ रेखांशावरचे पश्चिमेच्या बाजूला दिवसभर उत्तर-दक्षिण हलत राहतात, ते सापडायला सोपे. नागपूरकरांना पूर्वेचा चार-पाच अंश वर दिसेल.